जुन्या एसटीची आठवण आणि आपल्या हाताचं मोल

 

आज एसटीबद्दल बोलायचं आहे. ती किती वाजता येते आणि किती वाजता यायला पाहिजे होती, हा विषय नाही. त्यावर तर आपण रोजच बोलतो. जुन्या एसटीच्या आठवणीवर घरात वापरायच्या आणि भेट द्यायच्या वस्तू तयार करता येतात का, आणि केल्या तर करणाऱ्या बाईच्या हातात खरोखर किती पैसे पडतात, हे आज पाहू. मागच्या काही महिन्यांत आम्ही गटागटांतून याच गोष्टीवर बसलो, बोललो, शिवून पाहिलं. त्यातलं कामाचं तेवढं तुम्हाला सांगतो.

आधी शहरात काय चाललंय ते बघा. मुंबईच्या दुकानांत कपावर, उशीवर, पिशवीवर, फ्रिजला चिकटवायच्या चकतीवर दोन चित्रं हमखास दिसतात. एक लाल डबलडेकर बस आणि दुसरी काळी-पिवळी टॅक्सी. बेस्टची जुनी डिझेलवरची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. लोकांनी तिला हार-फुलं घालून निरोप दिला. त्याच वर्षी ऑक्टोबर संपताना पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मुंबईची ट्राम तर त्याच्या कितीतरी आधी, ३१ मार्च १९६४ ला बंद झाली होती. गाडी रस्त्यावरून गेली की लोकांना ती घरात हवीशी वाटते. आजोबांच्या फोटोसारखंच आहे ते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. लंडन शहरात जुन्या बस आणि रेल्वेचं एक संग्रहालय आहे. तिथल्या गाड्यांच्या सीटवर जे जाड, लवदार, नक्षीचं कापड असतं, त्याच नक्षीच्या उशा तिथल्या दुकानात विकायला असतात. लोक पैसे देऊन सीटचं कापड घरी नेतात! का? कारण त्या सीटवर बसून त्यांची शाळा झाली, नोकरी झाली, लग्नं जमली.

मग आपली शाळा, आपलं लग्न, आपलं माहेर कोणत्या गाडीत झालं? एसटीत. आणि एसटीच्या आठवणी आपल्यापाशी आहेत, मुंबईच्या दुकानदारापाशी नाहीत. आमचं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण वस्तू विकताना गिऱ्हाईक विचारतं. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. ती लाल नव्हती बरं का! निळ्या रंगाची होती आणि वरचा टप चंदेरी. लाकडी बांधणी आणि काथ्याच्या गाद्या. त्या दिवशी आपला जालना मात्र अजून निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ सालीच २७ बसगाड्या घेऊन मोटार सेवा सुरू केली होती. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, नंतर महाराष्ट्र झाला, आणि मराठवाड्याची गाडी एसटीत सामील झाली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर निमआराम गाड्या आल्या, म्हणून आपली माणसं त्यांना एशियाड म्हणायला लागली. पुढे त्या गाडीला हिरकणी हे नाव मिळालं. आपल्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव! आणि पहिल्या एसटीला ७४ वर्षं झाली त्या दिवशी, १ जून २०२२ ला, त्याच पुणे–नगर रस्त्यावर विजेवरची शिवाई धावली. एसटीच्या गाड्या बांधण्याची एक मोठी कार्यशाळा आपल्या शेजारी, जालना रोडवर चिकलठाण्याला आहे. म्हणजे लालपरी ही आपल्याच अंगणातली पोरगी आहे.

आता आठवणींकडे येऊ. बैठकीत आम्ही एकच प्रश्न विचारायचो, "एसटी म्हटलं की पहिल्यांदा काय डोळ्यापुढं येतं?" बसचं चित्र कुणीच सांगितलं नाही. एक आजी म्हणाल्या, खिडकीतून टाकलेला रुमाल. दुसऱ्या म्हणाल्या, मास्तरचा चिमटा, टकटक वाजवत यायचा तो. कुणी ट्रेमध्ये लावलेली रंगीत, पातळ तिकिटं सांगितली. कुणी घंटीची दोरी सांगितली. एका ताईने सांगितलं की भाऊ शहरात शिकायला होता, तेव्हा आई पहाटे उठून भाकरी करायची आणि डबा सकाळच्या गाडीत द्यायची. डब्यावर ऑईल पेंटनं नाव लिहिलेलं असायचं. दुपारी रिकामा डबा परत. आणि सगळ्यांना आठवल्या त्या गाडीतल्या पाट्या: "महिलांसाठी राखीव", "सुटे पैसे द्यावेत", "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग".

यातूनच वस्तू निघाल्या. एकेक सांगतो, वहीत लिहून घ्या.

पहिली वस्तू, जागा धरायचा रुमाल. पांढरा सुती रुमाल, १६ इंचाचा, कडेला लाल दोरा आणि कोपऱ्यात भरतकामात तीन शब्द: "जागा धरली आहे". वाचलं की माणूस हसतो आणि हसला की घेतो. भांडवल कमी, भरतकाम येणाऱ्या मुलीला घरबसल्या काम.

दुसरी, सुट्या पैशांची थैली. लाल कापड, वर पिवळी पट्टी, एक चेन आणि अक्षरं "सुटे पैसे द्यावेत". उरलेल्या चिंध्यांतून होते.

तिसरी, खुर्चीचं आसन किंवा उशीचा अभ्रा. लाल कापडावर पॅचवर्कची बस. खिडक्यांना जुन्या साडीचे काठ, चाकांना काळं कापड, कडेनं गोधडीचा धावदोरा. आपण वाकळ शिवतो तोच टाका, नवीन काही शिकायचं नाही. गाडीचे समोरचे दिवे म्हणून दोन आरसे लावले तर काय देखणं दिसतं! हे आरशाचं काम तांड्यावरच्या आपल्या बंजारा मैत्रिणींच्या हातचं. त्यांच्याकडून करून घ्या, पण त्यांची मजुरी वेगळी लिहा आणि वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर त्यांच्या कामाचा उल्लेख करा. अशाच आसनावर "महिलांसाठी राखीव" भरलं, तर ते घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर ठेवायचं, आणि त्यावर कोण बसणार ते सांगायची गरज नाही.

एक काळजी घ्या. लाल कापड रंग सोडतं. कापायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवा, वाळवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वापरू नका. पिवळी पट्टी गुलाबी झालेला अभ्रा गिऱ्हाईक एकदाच घेतं.

चौथी, डब्याची पिशवी. जाड कापड, आत पुसता येईल असं अस्तर आणि बाहेर पांढरी पट्टी. पट्टीवर तीन ओळी: नाव, गाव, गाडी. ज्यांनी आईच्या डब्यावर शिक्षण केलं ती मुलं आज नोकरीला लागली आहेत. त्यांना ही पिशवी दाखवा आणि त्यांचे डोळे बघा.

पाचवी वस्तू आम्हाला सगळ्यात आवडते, ती म्हणजे पाटी. गाडीच्या समोर असायची ना, हातानं रंगवलेली, कुठून कुठे आणि मार्गे कुठे? तशी छोटी पत्र्याची पाटी, कडा दुमडलेल्या, म्हणजे हात कापत नाही. समजा मुलगी भोकरदनची आणि दिली परतूरला, तर लग्नात भेट द्यायची पाटी अशी: "भोकरदन – परतूर, मार्गे जालना". माहेर आणि सासर एका पाटीवर! दारावर लावा, नाहीतर दिवाणखान्यात. या कामाला गावातला जुना पेंटर शोधा. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम गेलं आहे. त्यांच्या हातातलं ते गोल, ठसठशीत मराठी अक्षर संगणकाला साधत नाही. पेंटरला अक्षराचे पैसे द्या आणि गटातल्या दोघी मुलींना ते अक्षर शिकवायला सांगा.

आता मोलाकडे या. इथं नीट ऐका, कारण आपण बायका इथंच फसतो. कितीही गटांत गेलं तरी एक वाक्य ऐकू येतं, "कापडाचे पैसे निघाले, बस झालं." का बस झालं? दिवसभर मान खाली घालून शिवलं त्याचं काय? शेतात खुरपायला गेलं तर संध्याकाळी मजुरी मागतो. घरात मशीनवर बसलं की तीच मजुरी कुठं जाते?

उशीच्या अभ्र्याचा हिशोब करून बघू. आकडे समजा म्हणून घ्या, आपापल्या बाजारभावानं बदला. कापड ६० रुपये. पॅचचे तुकडे २०. दोरा आणि चेन १५. सुई, वीज, मशीनचं तेलपाणी ५. झाले १०० रुपये. आता वेळ. एका अभ्र्याला अडीच तास लागले. गावात खुरपणीला आठ तासांचे ३२० रुपये मिळतात असं धरलं, तर तासाला ४० रुपये पडतात. अडीच तासांचे १००. झाले २००. दहातला एखादा नग बिघडतो, त्याचे नगामागे १०. विकायला नेण्याचं भाडं आणि स्टॉलचा खर्च नगामागे २०. गटाच्या निधीत २०. एकूण २५० रुपये. म्हणजे आपण स्वतः विकला तरी २५० च्या खाली द्यायचा नाही.

दुकानदारामार्फत विकायचा असेल तर तो आपला वाटा घेणार. समजा तो विक्रीच्या किमतीवर १०० मागे ३० घेतो. मग किंमत ३६० ठेवावी लागते. त्याचे १०८ गेले की आपल्याकडे २५२ उरतात. आता कुणी व्यापारी आला आणि म्हणाला, "ताई, ५०० नग घेतो, १५० नं द्या," तर काय होईल? सामानाचे १००, बिघाडीचे १०, नेण्याचे २०, असे १३० गेले. उरले २०. अडीच तासांचे २० रुपये, म्हणजे तासाला ८ रुपये. गटाच्या निधीला तर एक पैसा नाही. पाचशे नगांचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. तासाला ८ रुपयांनी पाचशे नग शिवले तर पाठ पाचशे पटीनं दुखेल, कमाई काही पाचशे पट होणार नाही. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, "भाऊ, आमचा हिशोब हा असा आहे, वही बघा." वही पुढं केली की बोलणं बदलतं. आणि नाहीच बदललं, तर नाही म्हणायचा हक्क आपला आहे.

भावाइतकीच कायद्याची बाजूही सांभाळायला हवी. लाल-पिवळी बस आपण आपल्या मनानं काढली, आपल्या टाक्यानं शिवली, ते आपलं चित्र. पण एसटी महामंडळाचं बोधचिन्ह ही महामंडळाची मालकी आहे. लेखी परवानगीशिवाय ते वस्तूवर टाकू नका. टाकायचंच असेल तर विभागीय कार्यालयात गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लंडनच्या गाड्यांचं ते लाल वर्तुळाचं चिन्हसुद्धा असंच नोंदवलेलं आहे, परवाना घेऊनच लोक ते वापरतात. इंटरनेटवरून कुणाचं चित्र उचलूनही छापू नका. आपल्या गटातल्या मुलीनं चित्र काढलं तर वहीत तिचं नाव आणि तारीख लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो, आणि पुढं कुणी नक्कल केली तर ही नोंद उपयोगी पडते.

कापडाची छोटी बस लहान मुलांचं खेळणं म्हणून विकायचं मनात असेल तर थांबा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआयची खूण सक्तीची आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तोवर उशी, अभ्रा, पिशवी, थैली एवढंच करा. आणि कुणी भंगारातली एसटीची खरी पाटी किंवा भाग स्वस्तात देतो म्हणाला, तर पावती मागा. पावती नसेल तर हात लावू नका.

विकायचं कुठं? सुरुवात जवळून करा. लग्नसराईत पाटी, दिवाळीत आसनं, जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू होताना डब्याची पिशवी. १ जून हा एसटीचा वाढदिवस, त्या आठवड्यात रुमाल आणि थैल्या. आधी प्रत्येक वस्तूचे दहाच नग करा. कोणता नग किती दिवसांत गेला ते लिहा. जो पडून राहिला तो पुन्हा करू नका, मग तो आपल्याला कितीही आवडलेला असो. हात बसला, माल एकसारखा व्हायला लागला, की उमेदच्या तालुका कक्षात जाऊन सरस प्रदर्शनाची चौकशी करा. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये राज्यभरातले गट येतात. तिथं मसाले, पापड, लोणची भरपूर असतात. माहेर-सासरची पाटी मात्र सहसा दिसत नाही. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधा: कोणत्या गावच्या गटानं केली, कोणत्या आठवणीवरून केली, दोन ओळीत. गिऱ्हाईक ती चिठ्ठी आधी वाचतं, वस्तू मग बघतं.

आणखी एक बोलायचं आहे, ते जरा वेगळं आहे. मुंबईकरांसाठी डबलडेकर ही आठवण झाली. आपल्यासाठी एसटी आठवण झालेली नाही, आणि होऊ द्यायची नाही. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला, तेव्हा गाडी नसली की गावात काय होतं ते आपण पाहिलं. कुणाची दवाखान्याची तारीख हुकली, कुणाच्या मुलीची शाळा. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास आहे. पण गाडीच आली नाही तर अर्धं तिकीट कशाचं काढणार? आपल्या वस्तूंची गाठोडी घेऊन बाजाराला जायला गाडी लागते. वरच्या हिशोबातले ते नेण्याचे २० रुपये अर्ध्या तिकिटाच्या भरवशावरच धरले आहेत. गाडी बंद पडली आणि रिक्षा करावी लागली, की २० चे ६० होतात आणि नफा तिथंच संपतो.

म्हणून आमचं सांगणं असं आहे. ज्या गावात सकाळची गाडी अनियमित आहे, तिथल्या गटांनी महिनाभर वहीत नोंद ठेवावी: गाडी आली की नाही, किती वाजता आली, किती बाया थांबल्या होत्या. ती नोंद, ग्रामसभेचा ठराव आणि सह्या घेऊन आपल्या आगारात जावं. जालना, अंबड, परतूर, जाफराबाद, जे जवळ असेल तिथं आगार व्यवस्थापकांना भेटावं. भांडायला नाही, नोंद दाखवायला. जी बाई हिशोबाची वही व्यापाऱ्यापुढं ठेवू शकते, ती गाडीची वहीही साहेबांपुढं ठेवू शकते.

आता पुढच्या बैठकीसाठी काम. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला मधे बसवा आणि एसटीच्या तिच्या पाच आठवणी लिहून घ्या. त्यातली एक निवडून तिच्यावर एकच वस्तू करा. करताना घड्याळ समोर ठेवा आणि लागलेला वेळ लिहा. सामानाचे पैसे, वेळेचे पैसे, नेण्याचे पैसे अशा तीन वेगळ्या ओळी मांडा. बेरीज आली की मग किंमत ठरवा, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं बोलून. जिनं शिवलं तिला सगळ्यात आधी बोलू द्या.

वस्तू तयार झाली की आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्या गावचं नाव घेऊन आम्ही ती आठवण सगळ्यांना ऐकवू. तोवर हिशोब नीट ठेवा, लाल कापड भिजवून घ्या आणि आपल्या मजुरीची ओळ वहीत कोरी ठेवू नका. नमस्कार.